देवाला विचारून लिहिलेला ब्लॉग

आधी चहा घ्या. हातात गरम कप असला की माणूस जरा जपून हसतो, आणि मी जी माती खाल्ली ती ऐकून तुम्ही हसणारच. हसा. आमच्या वाडीने हसून घेतलंय, मालवणच्या बाजाराने हसून घेतलंय, आता तुमचाच काय तो नंबर राहिलाय!

तर मी गुंतवणूक सल्लागार. बाजारात एका काजूच्या दुकानाच्या वर माझं एका खोलीचं ऑफिस आहे. लोकांनी पैसे कुठे ठेवावेत आणि मधेच का काढू नयेत, हे सांगणं माझं काम. यातलं 'का काढू नयेत' सांगण्यातच माझा निम्मा जन्म गेला. बाजार जरा खाली आला की लोक जिना चढून वर येतात आणि मी त्यांना समजावून खाली पाठवतो. असा धंदा!

माझ्या सगळ्या ग्राहकांत माझी लाडकी म्हणजे जनाकाकी. मासळी बाजारात बसते. बांगडा, पेडवे, कधी सुरमई. तिच्याकडून मासे घेता घेता मी तिच्या मागे लागलो होतो, काकी, थोडे थोडे पैसे गुंतव, नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला होतील. किती बुधवार, किती रविवार गेले असतील! ती आपली मासे साफ करत ऐकायची आणि म्हणायची, "माझे पैशे तू खंय ठेवतलस? तुझ्या कपाटात?"

शेवटी एकदा तयार झाली. अंगठा नाही हं, चांगली सही केली, आणि पेन परत देताना म्हणाली, "तुझ्यार इश्वास आसा म्हणान देतंय. बाजारार नाय."

खरं सांगतो, ते वाक्य फ्रेम करून ऑफिसात लावावं असं मला वाटलं होतं. त्या पैशांची मला माझ्या पैशांपेक्षा जास्त काळजी वाटायची.

सगळं बरं चाललं होतं. मग आमची मुलगी तनू, पुण्याला नोकरी करते, तिचा एकदा फोन आला. "बाबा, तुम्ही ब्लॉग लिहा. सगळे सल्लागार लिहितात. लोकांना सोप्या भाषेत शिकवा." तिने तिकडे बसून सगळं तयारही करून दिलं. वर माझा फोटो, खाली माझं नाव आणि मधे पांढरी जागा. त्या पांढऱ्या जागेत मी काहीतरी लिहायचं होतं.

आता मला बोलायला सांगा, मी संध्याकाळपर्यंत बोलेन. पण लिहायचं काय? विषय कुठला? 'चक्रवाढ व्याजाची जादू' असं शीर्षक टाकून दोन ओळी लिहिल्या, तर मलाच झोप आली. मग 'महागाई आणि आपण' सुरू केलं. त्यात 'आपण' येईपर्यंत महागाईनेच पान खाल्लं. तिसरा विषय होता, 'बाजार पडतो तेव्हा'. म्हटलं हा बरा आहे, पण पहिलाच लेख आणि त्यात पडापडी? शुभ दिसेल का?

मी घरात फेऱ्या मारायला लागलो. माझी बायको सुनीता खोबरं किसत बसली होती. तिला विचारलं, "सुनीता, लोकांना काय वाचायला आवडेल गो?"

"सुंगटा सवाय कधी होतली त्येच्यार लिवा," ती म्हणाली. "सगळा मालवण वाचतला."

"अगो, कोळंबी स्वस्त कधी होणार यावर मी कसा लिहिणार? माझा विषय पैसा!"

"मगे आमी सुंगटा काय फुकट हाडतो?"

मुद्दा बिनतोड होता, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. चहा झाला, जेवण झालं, दुसरा दिवस उजाडला, तरी माझं आपलं चालूच. हा घेऊ की तो घेऊ? शेवटी ती वैतागली. "माझा डोक्या खाव नकात! रवळनाथाकच जावन इचारा!"

ती रागाने बोलली होती. मी मात्र चप्पल घातली आणि आमच्या ग्रामदेवाच्या देवळाची वाट धरली.

हसू नका. तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो, आमच्याकडे देवाला विचारण्यात काहीच नवल नाही. विहीर कुठे खणायची, मुलीला आलेलं स्थळ कसं आहे, हरवलेली म्हैस कुठल्या दिशेला गेली, सगळ्याला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवतो, आपल्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि मग वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग ब्लॉगचा विषय देवाने सांगायला काय हरकत आहे? म्हशीपेक्षा सोपंच काम!

देवळात बरीच मंडळी होती. आपापल्या कौलाची वाट बघत बसलेली. त्यात आमचे शेजारी दाजी पुढेच. दाजी एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचतो. मला बघून ते सरकून बसले.

माझी पाळी आली. गुरवकाकांनी विचारलं, "काय इचारूचा रे नंदू?"

आता इथे मी घसरलो. त्या भरल्या देवळात 'ब्लॉग' म्हणायची मला लाज वाटली. गुरवकाकांना ब्लॉग कसा समजावणार? आणि मागे दाजी कान देऊन बसलेले! म्हणून मी हळूच, गोलगोल बोललो. "धंद्याचा आसा काका. समोर तीन वाटा आसत. खयची धरू, ता कळना नाय."

गुरवकाकांनी माझ्याकडे खूप मायेने बघितलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण त्यांनी हात जोडले आणि देऊळ दणाणलं.

"बा देवा रवळनाथा! ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायाकडे इला आसा!"

मागून सगळे, "होय महाराजा!"

"धंद्यात तेका वाट दिसना नाय, काय करूचा ता सुचना नाय!"

"होय महाराजा!"

"कोणाची नजर लागली आसात, कोणी आड इलो आसात, कोणाचा देणा ऱ्हवला आसात, ता सगळा तुझ्या पायाखाली घाल, नि ह्या लेकराक सांभाळून घे!"

"होय महाराजा!"

देणं? देण्याचा शब्द मी काढलाच नव्हता! तो गाऱ्हाण्यातच असतो. विहिरीवाल्याच्या गाऱ्हाण्यातही होता आणि म्हशीवाल्याच्याही. पण सांगू का, त्या 'होय महाराजा'मध्ये सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता? माझा! लहानपणापासूनची सवय, हो! गुरव थांबला की आपण होय महाराजा म्हणायचं. शब्द कोण ऐकतो? इतर ऐकतात, हे मला नंतर कळलं.

मी मनात पहिला विषय धरला, चक्रवाढ व्याज. डावी पाकळी टपकन खाली. दुसरा धरला, महागाई. पुन्हा डावी. मागे कुणीतरी "अरेरे" म्हणालं. तिसरा विषय धरला, 'बाजार पडतो तेव्हा', आणि पाकळ्या पडेचनात! डावीही नाही, उजवीही नाही. आम्ही सगळे मान वर करून बघतोय, गुरवकाका पुन्हा पुन्हा विनवतायत आणि देव काही हलायला तयार नाही. शेवटी गुरवकाका वळले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "देव गप आसा रे. धीर धर."

मी मात्र खूश! दोन विषयांना देवाने चक्क नाही म्हटलं, तिसऱ्याला नाही म्हटलेलं नाही. म्हणजे हाच! मी उड्या मारतच घरी गेलो आणि एका बैठकीत लेख लिहून टाकला. बाजार पडला म्हणून खचू नका, धीर धरा, पुन्हा चांगले दिवस येतात, असा सगळा मजकूर. तनूने दाखवलेलं बटण दाबलं आणि वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेख टाकला.

काही वेळात एकाने हात जोडलेलं चित्र टाकलं. मग दुसऱ्याने टाकलं. मग रांगच लागली, हात, हात, हात! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पन्नाशी उलटल्यावर आपण लेखक झालो, ही काय साधी गोष्ट आहे?

सकाळी दार उघडतो तर दाजी. काखेत सोललेले नारळ.

"घे," म्हणाले. "धीर सोडू नको. सगळ्यांचे दिवस फिरतत."

माझा लेख जवळजवळ तोंडपाठ केलान की माणसाने! मी गहिवरून विचारलं, "दाजी, तुम्हाला आवडलं?"

दाजींनी मला विचित्र नजरेने न्याहाळलं. "आवडूचा काय त्येच्यात?" म्हणाले आणि डोळे पुसत निघून गेले. म्हटलं, लेख फारच आत भिडलेला दिसतोय.

मग सुरूच झालं. कुणी कुळथाचं पीठ आणलं, कुणी सुकी खारी मासळी, कुणी कोकमं. जो येतो तो माझ्या पाठीवरून हात फिरवतो. ऑफिसला निघालो तर रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत. "ऱ्हवांदे. तुझ्याकडसून आता कसले घेवचे?" लेखक झाल्यावर रिक्षा फुकट होते हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? मी केव्हाच लिहायला घेतलं असतं!

मी तनूला फोन लावला. "अगं, काय प्रतिसाद आहे वाचकांचा! लोक घरी नारळ आणून देतायत!"

"बाबा, मी आत्ताच बघितलं. लेख दोघांनी उघडलाय. एक मी, एक तुम्ही."

"तुझं मशीन बिघडलंय," मी म्हणालो. "इथे लोक एकमेकांच्या मोबाईलवर वाचतात." आणि फोन ठेवला. मोठ्या शहरातल्या मुलांना गावातलं वाचन काय कळणार?

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, थांबत थांबत. बघतो तर जनाकाकी! गुडघे दुखतात म्हणून ती कधी वर यायची नाही, कागदसुद्धा मीच खाली बाजारात नेऊन सही करून घ्यायचो. आज धापा टाकत खुर्चीत बसली, कपाळाचा घाम पदराने पुसला आणि म्हणाली,

"नंदू, माझे पैशे काडूचे आसत. सगळे."

एका क्षणात मला सगळं 'कळलं'. हिने नातीकडून माझा लेख वाचून घेतला असणार! त्यात बाजार पडण्याचं इतकं वर्णन मी केलेलं, बिचारी घाबरली. म्हणजे जिच्यासारख्यांसाठी मी लिहायला बसलो, तिलाच मी पळवून लावलं. त्या मुलीचं शिक्षण आता कशावर होणार?

मग मी सुरू झालो. काकी, घाबरायचं नसतं. काकी, आंब्याला मोहर आला आणि थोडा गळला म्हणून कुणी कलम तोडतं का? काकी, आत्ता काढलेस तर नातीचं नुकसान. तक्ता दाखवला, रेघ दाखवली, रेघ खाली येऊन पुन्हा वर कशी जाते तेही दाखवलं. ती एकटक माझ्याकडे बघत होती.

शेवटी म्हणाली, "झाला तुझा बोलून?"

"झालं."

"मगे माझे काड नि तू घे."

मला काही समजेना. "मी घेऊ? कशाला?"

"धंदो बुडालो मां तुझो? घे. तुझा देणा फेड. परत उभो ऱ्हवलस काय भर माझे. माका काय घाई नाय."

"काकी, कुणी सांगितलं तुला?"

"दाजी सांगी होतो बाजारात. देवळात सगळ्यांसमोर कबूल केलंस म्हणान. देवानसुद्धा कौल देवक नाय म्हणान." तिने माझा हात धरला. थंड, ओला, माशांचा वास असलेला हात. "लाजा नको रे बाबा. चुकता माणूस."

देवळातलं ते सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. देणं, आणि त्यावरचा माझा खणखणीत होय महाराजा. मग नारळ आठवले, कुळथाचं पीठ आठवलं, ग्रुपवरचे जोडलेले हात आठवले. ते सगळे मला धीर देत होते हो! आणि मी एकेकाला 'आवडलं का?' विचारत होतो!

तरी माझ्या तोंडून कसंबसं एवढंच निघालं, "आणि तुझ्या नातीच्या शिक्षणाचं काय?"

"चेडवाक इचारलंय मी," काकी म्हणाली. "ता म्हणता, मी थांबतंय वरीसभर. काका बुडालो नको."

समोर लोकांना आपत्कालीन निधीबद्दल समजावणारा माझाच तक्ता भिंतीवर टांगलेला, आणि त्याच्याखाली ही बाई मला आपलं सगळं देऊ करत बसलेली. मी चष्मा काढला आणि उगाच पुसत बसलो. तिला वाटलं, खरंच बुडालाय. ती आणखीच हात घट्ट धरायला लागली.

मग सांगणं भाग होतं. "काकी, मी बुडालो नाही. मी कौल लावला तो लेखासाठी. काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हणून."

"कसलो लेख?"

"मोबाईलवर वाचायचा असतो. त्याला विषय हवा होता."

काकीने डोळे बारीक केले. "म्हणजे आज बांगडो करू की पेडवे करू, तसला?"

"तसलंच."

"मेल्या!" काकी ओरडली. "त्येच्यासाठी रवळनाथाक उठवलंस?" आणि जी हसायला लागली! खुर्ची करकरायला लागली, पदर तोंडात घातला, डोळ्यांतून पाणी. खालचा काजूवाला काय झालं म्हणून जिना चढून वर आला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. असं मला पूर्वी कधी झालं नव्हतं.

तुम्हाला वाटेल संपलं. छे! गैरसमज दूर करायला नको का? मी घरी गेलो आणि विषय शोधावा न लागता लेख लिहिला. शीर्षक, 'माझा व्यवसाय सुरळीत चालू आहे'. कौल कसा लावला, का लावला, सगळं खरं खरं लिहिलं. शेवटी, कुणीही काळजी करू नये, माझ्यावर कुणाचंही देणं नाही, असं ठळक अक्षरात टाकलं.

तो लेख मात्र वाचला लोकांनी! आख्ख्या मालवणने वाचला, वेंगुर्ल्यापर्यंत गेला. तनूचा फोन आला, "बाबा, आकडा चढतोय!" मी छाती फुगवून झोपलो.

सकाळी दारात दाजी. या वेळी नारळ दुप्पट, वर तांदळाची पिशवी.

"दाजी, लेख वाचलात ना? मी बुडालेलो नाही!"

"वाचलंय," दाजी जड आवाजात म्हणाले. "बुडालेलो माणूस असाच लिवता रे. ता कौलाचा तर तू काय पण जुळवलंस! कोण विषय इचारूक देवाकडे जायत?" आणि तांदूळ उंबऱ्यावर ठेवून ते गेले.

सुनीताने पिशवी आत नेली. "विषय मेळलो मां?" म्हणाली. "आता वरीसभर भात विकत घेवक नको."

बुधवारी मासळी बाजारात गेलो. माझ्याकडे बघून बायका आपसांत कुजबुजायला लागल्या. जनाकाकीने ते पाहिलं. हातातला मासा बाजूला ठेवला, उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "आयकलात काय गो! ह्यो नंदू बुडूक नाय! माझे पैशे तेच्याकडेच आसत, नि थंयच ऱ्हवतले! परत कोणी बोलात तर माझ्याशी गाठ आसा!"

बायका माना खाली घालून मासे साफ करायला लागल्या. माझी मान ताठ झाली. हाच तो विश्वास, फ्रेम करून लावण्यासारखा!

मग काकी खाली बसली, माझी पिशवी ओढून घेतली आणि माझ्या कानाजवळ येऊन हळूच म्हणाली, "खराच नाय बुडूक मां रे?"

"नाय गो काकी. देवाशप्पत."

"बरा," ती म्हणाली. पिशवीत दोन बांगडे जास्तीचे घातले, आणि मी पुढे केलेली नोट माझ्याच खिशात परत कोंबली. "ऱ्हवांदे. सावरलस काय मगे दी."